चिमट्याला टांगलेले बोंबील

धाकूकाकी, तुझ्या दहाव्याला लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले आणि त्यातलं निम्मं खोटं होतं. कुणी म्हणालं, शांत बाई होती. तू? कुणी म्हणालं, घर आणि वाळवण सोडून कधी कुठं गेली नाही. मी मागं तुझ्या सुनेच्या, रंजनाच्या शेजारी बसले होते. तिनं माझा हात गच्च दाबला. तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाही कळत नसावं. आपली सासू दर सोमवारी सायकलवर टांग मारून अलिबागच्या भिंती बघायला जाते, हे तिनं वर्षभर पाहिलेलं. पण खाडीकाठी, भटजींसमोर ते कोण बोलणार?

म्हणून मी सांगते. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर अर्जापलीकडं काही लिहिलेलं नाही, तेव्हा मागंपुढं होईल. पण त्या भिंतीवरच्या बोंबलांचं आपलं काम राहिलं होतं, त्याचं काय झालं ते तुला कळायला हवं. आणि तुला मधूनच सुरू केलेली गोष्ट चालत नाही, त्यामुळं पहिल्यापासूनच सांगते.

आम्ही वाशीमहून आक्षीला आलो तेव्हा मला समुद्राची भीती वाटायची. बंगल्याची राखण करायला मुंबईच्या मालकांना नवराबायको हवे होते, गजाननला कुणीतरी सांगितलं, आणि दोन पिशव्या घेऊन आम्ही आलो. दिवसभर बंगला झाडायचा, आणि झाडून झाला की परत झाडायचा. ओळखीचं कुणी नाही. मागच्या कुंपणापाशी उभी राहून तुम्हा बायकांना बघायचे, बांबूंना दोऱ्या बांधून केलेल्या त्या वलांडीवर तुमचे हात कसे भराभर चालतात ते. आठवडाभर तू बघून न बघितल्यासारखं केलंस. मग एक दिवस तिकडूनच ओरडलीस, "ए घाटनी, उबी कं राह्यलीस? हात हायत ना?"

आमच्या वाशीमला घाट कुठला, पण तुला डोंगरापलीकडचं सगळं जग घाटावरच. मी भीत भीत आले. तू माझ्या हातात दोन ओले बोंबील दिलेस, बुळबुळीत, आणि दाखवलंस: एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवायचं, जबड्यात जबडा, आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडं, एक तिकडं. दोरा नाही, गाठ नाही. वारा आला तरी सुटत नाहीत. मला दात टोचले, मी हात झटकला, दोन्ही बोंबील वाळूत. तुम्ही सगळ्या हसलात. मी म्हटलं, "काकी, तुम्ही परत दाखवा ना." तर तू इकडंतिकडं बघून म्हणालीस, "तुमी कोन? मी एकलीच हाय हितं." त्या दिवसापासून तू.

नवख्या बाईला अशी कामाला लावलीस, ते माझ्यावर उपकार म्हणून नाही, तुला हात कमी पडत होते म्हणून. हे तू मला दहादा ऐकवलंस. मी तुला एकदाही ऐकवलं नाही, की त्या दिवसानंतर मला रात्री झोप लागायला लागली.

आता भिंतीचं. अलिबागहून सुकं न्यायला येणारी ती जाडी बाई तुला आठवते. पाट्या रिक्षात ठेवता ठेवता ती म्हणाली, "धाकू, तुजा थोबाड अलिबागला भिंतीवर काडलाय." कुठं विचारलं तर तिला सांगता येईना. रिक्षातून दिसलं म्हणे, उजव्या हाताला की डाव्या ते आठवत नव्हतं. तेव्हा तुझ्या लक्षात आलं, की मागच्या थंडीत दाढीवाली दोन मुलं आणि केस रंगवलेली एक मुलगी वाळवणावर येऊन तुमचे फोटो काढून गेली होती. तू त्यांच्यासाठी पदर नीट करून चांगली दहा मिनिटं उभी राहिलीस. नावगाव काही विचारलं नव्हतंस.

"मना बगायचाय," तू म्हणालीस. "माझाच थोबाड, मना नको बगाया?"

एसटीनं जाऊन चालणार नव्हतं. भिंत शोधायची तर गल्लोगल्ली फिरायला हवं. रिक्षावाल्याला काय सांगणार, माझ्या तोंडाकडं घेऊन चल म्हणून? मी बोलता बोलता बोलून गेले, की बंगल्यात गियरच्या दोन सायकली आहेत, पाहुणे हात लावत नाहीत, आणि मालक म्हणालेत चालवत राहा, नाहीतर खाऱ्या हवेनं गंजतील. मला वाटलं, तू म्हणशील, तू जाऊन बघून ये. तू म्हणालीस, "मग शिकव."

छप्पन्नाव्या वर्षी, काकी! ओहोटीला वाळू रस्त्यासारखी घट्ट होते, तिथं आपण सुरू केलं. माझी सलवार साखळीत अडकायची आणि तुझं लुगडं मात्र मस्त, दोन पायांत विभागलेलं, वर कासोटा. तू तिथंच मला ठणकावलंस, की सायकल कुणी काढली ते ठाऊक नाही, पण ती आमचं लुगडं बघूनच काढलेली आहे. तिसऱ्या दिवशी मी मागून धरलेली सीट सोडली आणि तुला सांगितलं नाही. तू सरळ गेलीस, सरळच गेलीस, वळायचं कसं ते शिकवायचं राहिलं होतं, आणि रंजनानं वाळत घातलेल्या जवळ्यातून आरपार गेलीस. रंजना काय काय बोलली! तू जवळ्यात बसून हसत होतीस, केसांत जवळा, कानात जवळा.

घंटी तुला कधी आवडली नाही. किणकिण कोन ऐकतं, म्हणायचीस, आणि अलिबागच्या रस्त्यावर समोर कुणी आलं की पाटी डोक्यावर असल्यासारखी हाळी द्यायचीस, "बोंबीऽऽल!" लोक बाजूला व्हायचे. एकदा एक आजी खरंच ताट घेऊन दारात आल्या. तू थांबून त्यांची माफी मागितलीस आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सुके बोंबील पाठवून दिलेस.

सोमवारी गिऱ्हाईक कमी, म्हणून सोमवार. आक्षीच्या पुलावर चढ लागला की तू उतरून सायकल ढकलायचीस आणि मलाही उतरवायचीस, एकटीनं पुढं जायचं नाही. मग शहर. आपण ठरवलंच होतं, एका सोमवारी एकच भाग, आणि त्यातली एकही भिंत सोडायची नाही. मला आधी माहीतच नव्हतं, की भिंती अशा असतात! तीन मजल्यांच्या एका बिल्डिंगच्या आंधळ्या भिंतीवर एवढा मोठा खंड्या, की त्याच्या चोचीखाली कुणाच्यातरी बाथरूमची खिडकी. शाळेच्या कुंपणावर कबड्डी खेळणाऱ्या मुली. एका गल्लीत अख्ख्या भिंतीवर माकूळ, त्याचे पाय पाण्याच्या पाइपांना वेढे घालून गेलेले. तू सायकल टेकवून ते पाय मोजलेस आणि दहात दोन कमी भरले म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत शोधत गेलीस. एक पाय दुरुस्तीच्या सिमेंटखाली गेलेला. दुसरा मिळालाच नाही, आणि जेवेपर्यंत तुला चैन पडलं नाही.

मी आपली रंग बघायचे आणि तोंडाला हात लावून उभी राहायचे. तुला मात्र चूक आधी दिसायची. त्या शिडाच्या होडीपुढं लोक सेल्फी काढत होते आणि तू मागून मोठ्यानं म्हणालीस, "शीड इकरं फुगलाय, बावटा तिकरं उरतोय. वारा कं दोन बाजूंनी येतो?" ती मुलं वळून बघायला लागली. मी तुझा दंड धरून तुला ओढलं. मला सारखी भीती, कुणी बोलेल, कुणी विचारेल, इथं काय करताय. तू कुणाच्याही फाटकात शिरायचीस. मी बाहेर दोन्ही सायकली धरून, निघायच्या तयारीत.

किती सोमवार गेले. पावसाळ्यात सुद्धा उघडीप बघून निघालो. तुझा चेहरा सापडत नव्हता आणि, खरं सांगू, मला तो सापडायला नको होता. सापडला की संपलं.

आणि मग तो सापडला. बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्याला, जुन्या गोदामाची लांब भिंत. मी पुढं होते, मी आधी पाहिलं आणि ब्रेक दाबायचं विसरून ओरडले, "काकी, तू!" माणसाच्या दुप्पट उंच तू. बारीक केलेले डोळे, पुढच्या दातांतली फट, कपाळावरची ती तिरकी आठी, सगळं. मला रडूच आलं. तू सायकलवरून न उतरता एक पाय टेकवलास, मान वाकडी केलीस, म्हणालीस, "नाक बराबर हाय."

मग तुझी नजर खाली गेली. चित्रातल्या तुझ्या खांद्यामागून एक दोरी काढलेली, आणि दोरीवर बोंबील. एकेक, वेगवेगळे, शेपटीला धरून, डोकं खाली. आणि प्रत्येक शेपटीला कपडे वाळत घालायचा चिमटा. लाल, निळा, पिवळा. चिमटे तर इतके मन लावून काढलेले, की त्यांच्या स्प्रिंगासुद्धा दिसत होत्या.

तू हसलीस. मीही हसले. एवढ्यात मागून दोघी कोळणी पाट्या घेऊन बाजाराकडं निघालेल्या, आपल्या गावच्या नव्हेत, त्या थांबल्या. एक दुसरीला म्हणाली, "बग गो, बोंबील चिमट्याला! धुवून वाळत घातल्यान." दुसरी म्हणाली, "म्हातारीला कुनी शिकवलाच नसंल." दोघी खदखदून हसल्या आणि पुढं गेल्या. भिंतीवरची म्हातारी आपल्या शेजारीच सायकल धरून उभी आहे, हे त्यांना कळलं नाही. तू पदर पुढं ओढून घेतलास. तुला मी कधी पदर ओढताना पाहिलं नव्हतं.

परतताना पुलावर आपलं भांडण झालं. तू म्हणालीस, रंग आणायचा आणि ते नीट करायचं. आणि मला म्हणालीस, तू काढ. मी म्हटलं, मला काढता येत नाही. तू म्हणालीस, तुला टांगता येतात ना, मग काढता येतील. मी म्हटलं, भिंत आपली नाही, कुणी धरलं तर? आणि एवढ्यावर थांबले नाही, पुढं म्हटलं, लोकांना काय कळतंय काकी, येतात, फोटो काढतात, खूश होऊन जातात.

तू सायकल थांबवलीस. आवाज चढवला नाहीस, तेच वाईट होतं.

"लोकांना कळावा म्हनून मी बोंबील टांगते कं? चाळीस वर्सं टांगते. थोबाड माझा काडलाय, आन् खाली हातच दुसऱ्याचं लावल्यान."

मी म्हटलं, बघू पुढच्या सोमवारी.

पुढच्या सोमवारी बंगल्यात पाहुणे होते. त्याच्या पुढच्या सोमवारी साखळी सैल झाली. मग गजाननला ताप. तू दरवेळी विचारायचीस आणि मी दरवेळी काहीतरी सांगायचे, आणि शेवटी तू विचारणं सोडलंस. पाहुणे खरे होते, ताप खरा होता. साखळी मी दहा मिनिटांत बसवली होती. काकी, मला भीती वाटत होती, आणि ती पोलिसांची किंवा मालकांची नव्हती. कुणी येऊन विचारणार, "तू कुठली गं?" आणि मला म्हणावं लागणार, वाशीमची. मग समोरचा म्हणणार, मग तुला काय करायचंय आमच्या भिंतीशी. बोंबील हा शब्दसुद्धा मी इथं येऊन शिकले. मी कोण चूक दुरुस्त करणार? हे तुला सांगितलं असतं तर तू मला शिव्या घालून हात धरून नेलं असतंस. सांगितलं नाही. तेवढ्यात तू गेलीस.

तुझ्या तेराव्यानंतर पहिला सोमवार आला. मी आधीचे चार दिवस बंगल्याच्या मागच्या भिंतीवर कोळशानं बोंबील काढत होते. गजानन चहा घेऊन आला, भिंतीकडं बघून म्हणाला, "हे काय व? वांगे काहाडले काय?" मी त्याला वलांडीवर नेलं. रंजनाकडून दोन बोंबील मागून घेतले, जबड्यात जबडा अडकवला, त्याच्या हातात धरायला दिले आणि समोर बसून काढले. संध्याकाळपर्यंत वांग्यांचे बोंबील झाले. फाटकाला लावून उरलेला पांढरा, करडा आणि थोडा निळा रंग होता. मालकांना फोन करून विचारलं, घेऊ का. घे म्हणाले, वाळूनच चाललाय. प्लॅस्टिकचं स्टूल कॅरियरला बांधलं, डबे हँडलला. पुलावर उतरले, सायकल ढकलली.

नऊ वाजता, भर उजेडात, मी त्या भिंतीपुढं स्टुलावर चढले. पहिला चिमटा पुसायच्या ऐवजी दुप्पट झाला. मग हात बसला. एकेक चिमटा पांढऱ्याखाली गेला. डोकी वर घेतली, शेपट्या खाली सोडल्या, जोडीजोडीनं जबडे अडकवले. दात काढताना बोटांना टोचल्यासारखं वाटत होतं. आणि काय झालं, ऐक: बोंबील निघाले अकरा. पाच जोड्या झाल्या आणि एक उरला. आता? उभीच राहिले ब्रश घेऊन. मग आठवलं, जोडी न लागलेला तू दोरीला लावत नाहीस, कालवणाला घरी नेतेस. घेतला निळा रंग आणि टाकला पुसून. निळा काही चित्रातल्या आभाळाच्या जुन्या निळ्याशी जुळला नाही, तिथं एक गडद डाग दिसतो. तो दिसणार, त्याला माझा इलाज नाही.

दहाच्या सुमाराला गोदामाचा राखणदार आला. पांढरी मिशी, हातात दुधाची पिशवी.

"काय चाललंय? कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी म्हटलं, चूक होती, नीट करतेय.

"चित्रवाल्यांच्या माणसांपैकी का?"

नाही म्हटलं.

"मग कुठल्या तुम्ही?"

काकी, आलाच तो प्रश्न. वाशीम म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "मी बोंबील वाळवते."

तो चित्राकडं बघत राहिला. आधी काय होतं ते त्याला आठवत असावं, कारण तो एकदम म्हणाला, "ते चिमटे होते ते?" मी मान हलवली. "मी रोज बघतो, मला वाटायचं नवीन पद्धत आली असेल." मग म्हणाला, खाली लोक पान खाऊन थुंकतात, रंग उरला तर तेवढी पट्टीही मारून घ्या. आणि दूध घेऊन आत गेला. मी स्टुलावर बसून हसत सुटले. हसू थांबेना. तुला किती सांगावंसं वाटलं! मागं वळूनसुद्धा पाहिलं, दुसऱ्या सायकलसाठी.

खालची पट्टी मारत होते तेव्हा बाजाराकडं जाणारी एक कोळीण आली. एकटीच, पाटी डोक्यावर, घाईत. त्या दोघींपैकी होती की नाही, मला सांगता येणार नाही. चित्रासमोर थांबली, पाटी उतरवून ठेवली, घाम पुसला. मी ब्रश खाली धरून, भिंतीला चिकटून उभी. तिनं बोंबलांकडं पाहिलं, बाजारात माल बघतात तसं, एकदाच, भर्रकन, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वर तुझ्या चेहऱ्याकडं पाहिलं.

काकी, ती हसली नाही. पाटी उचलली, चुंबळ नीट केली आणि उशीर झालेल्या बाईसारखी बाजाराकडं निघून गेली.